बाबांच्या वहीतला ९९६० हा आकडा कसला? लोरानबद्दल कुणाला माहिती आहे का

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, समजून घ्या. माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. ८१ साली कॅडेट म्हणून बोटीवर गेले आणि चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी, असताना घरी आले ते कायमचे. मागच्या वर्षी ते गेले. आता आईने चिपळूणच्या घराचा माळा आवरायला काढलाय आणि त्यात एका पीव्हीसी पाइपात गुंडाळलेला समुद्राचा नकाशा आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. नकाशावर न्यूयॉर्कच्या बाहेरचा समुद्र आहे आणि त्यावर गुलाबीसर, राखाडी अशा रंगांच्या शेकडो बारीक वाकड्या रेघा, जाळं टाकल्यासारख्या. प्रत्येक रेघेवर पाच आकडी नंबर. वहीत प्रत्येक पानावर वर ९९६० लिहिलंय, खाली एक्स आणि वाय, एक्सपुढे २६ हजार पुढचे काहीतरी, वायपुढे ४३ हजार पुढचे काहीतरी, आणि दशांश चिन्हानंतर एक आकडा.

गुगल केल्यावर लोरान-सी असा शब्द मिळाला आणि बोटींना रेडिओवरून आपली जागा काढता येणारी ही सिस्टीम अमेरिकेत २०१० मध्ये बंद झाली एवढंच कळलं. मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, हे आकडे वाचायचे कसे? दोन, त्यावरून आज ती जागा काढता येईल का? कारण एकच जोडी वहीत चौदा वेळा लिहिलीये, १९८७ ते १९९१ मधल्या वेगवेगळ्या तारखांना, आणि प्रत्येकापुढे मराठीत फक्त "प" असं अक्षर. बाकी सगळी वही इंग्रजीत आहे. आणि तीन, इतकं सगळं उभारलेलं बंद का केलं? बाबा शेवटपर्यंत कधीकधी म्हणायचे की लोरान बंद करायला नको होतं, तेव्हा मी नीट विचारलंच नाही त्यांना.

जुना_खलाशी

मुली, बाबांबद्दल ऐकून वाईट वाटलं. मी पण त्याच काळातला, देवगडचा, मास्टर म्हणजे कॅप्टन म्हणून रिटायर झालो, त्यामुळे हे आकडे मी रोज लिहिलेत.

९९६० हे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याच्या लोरान चेनचं नाव. चेन म्हणजे जमिनीवर शेकडो मैल लांब लांब बसवलेली ट्रान्समीटर स्टेशनं. एक मुख्य स्टेशन, त्याला मास्टर म्हणतात, बाकीची सेकंडरी, आणि सेकंडरींना डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी अक्षरं. ९९६० चा मास्टर न्यूयॉर्क राज्यात सेनेका इथे होता, डब्ल्यू म्हणजे मेन राज्यातलं कॅरिबू, एक्स म्हणजे नॅन्टकेट बेट, वाय म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरोलायना बीच, झेड आत इंडियानात डाना. आधी मास्टर पल्स, म्हणजे रेडिओचा छोटा ठोका, सोडणार, मग ठरलेल्या वेळाने एकेक सेकंडरी सोडणार, आणि हा सगळा फेरा ९९,६०० मायक्रोसेकंदांनी परत सुरू. म्हणून ९९६०. सेकंदाला साधारण दहा फेरे झाले.

आता बोटीवरचा सेट काय करायचा, तर मास्टरचा पल्स आल्यापासून एक्सचा पल्स यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजायचा. तो तुझा २६ हजारचा आकडा. तोच फरक ज्या ज्या जागी येतो त्या सगळ्या जागा जोडल्या की एक वाकडी रेघ होते, कॉलेजात हायपरबोला शिकलो तीच. तीच रेघ नकाशावर छापलेली आहे. म्हणजे एक्सच्या आकड्यावरून कळलं की बोट या रेघेवर कुठेतरी आहे, वायच्या आकड्यावरून कळलं की त्या रेघेवर आहे, दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण. झालं. आणि एक्स कायम २५-२६ हजारांत आणि वाय ४१ ते ४४ हजारांत का, तर प्रत्येक सेकंडरी मुद्दाम ठरावीक वेळ थांबून पल्स सोडते, म्हणजे कुणाचे पल्स कुणावर चढू नयेत. नुसता आकडा बघून आम्हाला कळायचं हा कोण बोलतोय ते.

तुझे बाबा सेकंड मेट असतील तर बारा ते चारची वॉच त्यांची. रात्री एकला चार्ट रूममध्ये काळोख, टेबलावर लाल दिवा, आणि कोपऱ्यात तो सेट, लाल आकड्यांच्या दोन ओळी. शेवटचा दशांशाचा आकडा हलत राहायचा, ३, ४, ३, ५, ४. तो जरा स्थिर होईपर्यंत पेन्सिल हातात धरून उभं राहायचं. मग वहीत उतरवायचा, मग नकाशाच्या कडेला छापलेल्या इंटरपोलेटरवर डिव्हायडर लावून दोन रेघांच्या मधली जागा काढायची. तुझ्या नकाशाच्या कडेला तो तिरक्या रेघांचा पट्टा असणार, बघ. आणि नकाशावर पेन्सिलीने केलेली बारीक फुली आणि वेळ पण असेल, जर खोडली नसेल तर.

त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. तुझ्याकडे नकाशा आहे ना, मग कॉम्प्युटर लागतच नाही. एक्सची रेघ शोध, वायची रेघ शोध, दोन्ही छेदतात तिथे हाताचं बोट ठेव.

"प" म्हणजे पायलट असेल असं वाटतं, बोटीला बंदरात वाट दाखवत आत नेणारा तो. तिथे पायलट घ्यायला थांबावं लागतं.

रेडिओवेडा_पुणे

कॅप्टन साहेबांनी छान सांगितलंय, मी फक्त रेडिओच्या बाजूने भर घालतो कारण हे लोरान म्हणजे माझा जीव की प्राण विषय आहे.

फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झ. म्हणजे एक लाट ३ किलोमीटर लांबीची. एवढ्या लांब लाटा जमिनीला आणि समुद्राला चिकटून, वळणाबरोबर वळत, हजार मैलांच्या पुढेही जातात. अडचण एवढीच की तोच सिग्नल वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराला, आपटून पण खाली येतो, थोडा उशिरा, आणि दोन्ही मिसळले की वेळ चुकते, रात्री तर जास्तच. त्यावर लोरान-सी वाल्यांनी जो तोडगा काढला तो मला आजही भारी वाटतो. पल्स सुरू झाल्यापासून तिसरी लाट जिथे शून्याला छेदते, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांवर, तिथेच मोजायचं, कारण तोपर्यंत आकाशातून येणारा पाहुणा पोचलेलाच नसतो. मास्टर नऊ पल्स सोडायचा आणि सेकंडरी आठ, म्हणजे मास्टर ओळखू यायचा, आणि एखाद्या स्टेशनचं टायमिंग बिघडलं तर पहिले दोन पल्स लुकलुकायला लावायचे, की सेटवर लगेच अलार्म. म्हणजे सिस्टीम स्वतःच सांगायची की आत्ता माझ्यावर विश्वास ठेवू नका.

अजून एक सोपा हिशोब. रेडिओ लाट एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. मास्टर आणि सेकंडरीला जोडणाऱ्या सरळ रेषेवर असाल तर आकडा एकने बदलला म्हणजे तुम्ही १५० मीटर सरकलात. म्हणजे बाबांच्या वहीतला तो दशांशानंतरचा आकडा साधारण १५ मीटर दाखवतो, आणि तिथून लांब गेलात की रेघा फाकत जातात, तितकी अचूकता कमी होते. ८७ साली, आकाशात एकही उपग्रह न लागता! अर्थात मी पृथ्वीवर नक्की कुठे आहे हे सांगण्यात पाव नॉटिकल मैलाची चूक धरलेली असायची. पण काल जिथे होतो तिथेच परत नेऊन सोड म्हटलं तर १८ ते ९० मीटरच्या आत नेऊन सोडायचा.

अँटेना बघितल्यात का कधी फोटोत? अलास्कातल्या पोर्ट क्लॅरेन्सचा मास्ट १३५० फुटी होता, म्हणजे ४११ मीटर. आयफेल टॉवरपेक्षा उंच, आणि तो सुद्धा ओसाड बर्फाळ किनाऱ्यावर जिथे माणूस दिसत नाही. २८ एप्रिल २०१० ला सुरुंग लावून पाडला. व्हिडिओ आहे, मी एकदाच बघितला, परत बघवला नाही.

गार्डन_स्टेट_वाला

मी न्यू जर्सीत किनाऱ्याजवळ राहतो, वीसेक वर्षं झाली. आमच्या मरीनावर एक म्हातारे मच्छीमार आहेत, त्यांच्याकडे अशाच वह्या बघितल्यात, चार-पाच. त्यांच्या भाषेत जागेला नावच नसतं, नंबर असतो. या नंबरला खाली बुडालेली बोट आहे, जाळं अडकतं, लांब राहा. त्या नंबरला फ्लाउंडर मासा मिळतो. बापाने मुलाला वही दिलेली, त्यात त्याने भर घातलेली. दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत ते, आपल्याकडे आंब्याच्या मोहराचं औषध कुणी सांगत नाही तसं.

जीपीएस आल्यावर सगळ्यांनी प्रोग्रॅम वापरून ते नंबर अक्षांश-रेखांशात बदलून घेतले. पण जमिनीवरून येताना सिग्नल पाण्यापेक्षा हळू येतो, वाटेत डोंगर आहे की शेत आहे की वाळू यावर ठरतं, त्यामुळे प्रत्येक जागेला थोडी वेगळी चूक लागते. प्रोग्रॅमने काढलेली जागा कधी शंभर मीटर चुकते कधी त्याहून जास्त. बुडालेल्या जहाजासाठी शंभर मीटर म्हणजे गेलंच की. म्हणून शहाण्या लोकांनी लोरान चालू असेपर्यंत दोन्ही सेट बोटीवर लावून प्रत्येक जागेवर स्वतः जाऊन जीपीएसचा आकडा शेजारी लिहून घेतला. या काकांनी पण सुरू केलं होतं, निम्म्या जागा राहिल्या तेवढ्यात सिग्नल बंद. राहिलेल्या पानांवर ते हात फिरवून दाखवतात.

म्हणून वाशिष्ठीकाठ ताई, तुम्ही पण प्रोग्रॅमच्या नादी लागू नका, नकाशावरच बघा.

हिशोबी

माहिती छान आहे पण दुसरी बाजू पण कुणीतरी सांगायला हवी. १९९५ ला जीपीएस पूर्ण सुरू झालं, मे २००० मध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक पण काढली, त्यानंतर फुकटात दहा मीटरच्या आत पोझिशन मिळायला लागली आणि ती पण अख्ख्या जगात. लोरान अख्ख्या जगात नव्हतंच, मोकळ्या हिंदी महासागरात किंवा दक्षिण गोलार्धात काय उपयोग होता त्याचा? ओबामा सरकारने बजेटमध्ये सांगितलं की पाच वर्षांत १९ कोटी डॉलर वाचतील. वापरणारे उरलेच नव्हते तर चालू ठेवून करायचं काय? रेडिओवरून जागा काढायच्या अशाच दुसऱ्या सिस्टीम, त्यातलं ओमेगा १९९७ ला बंद झालं, ब्रिटनने डेक्का २००० ला बंद केलं, त्यावर कुणी रडलं नाही.

जुना_खलाशी

डेक्कावर मी हळहळलो होतो हो. लाल, हिरवी, जांभळी लेन, इंग्लिश चॅनलमध्ये धुक्यात त्या तीन घड्याळांनी किती वेळा वाचवलंय. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, रोजच्या कामाला जीपीएस कितीतरी सरस, मी स्वतः ९४-९५ नंतर लोरानचा सेट क्वचितच बघितला. वापर कमी झाला हे खरंच.

पण बोटीवर आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की एकाच साधनावर कधी विसंबू नका. आणि दुसरं साधन असं पाहिजे की ज्याचं दुखणं पहिल्यापेक्षा वेगळं आहे. जीपीएस २०,२०० किलोमीटरवरून येतं, खाली पोचेपर्यंत जीव राहिलेला नसतो त्यात, शेजारी छोटासा जॅमर लावला की संपलं. लोरान शेकडो किलोवॉटने जमिनीवरून यायचं, ते जॅम करायचं म्हणजे तेवढाच मोठा मनोरा उभारायला लागेल. हा फरक आहे. भारताची स्वतःची जीपीएससारखी 'नाविक' सिस्टीम आहे त्याचा अभिमान आहेच, पण ते पण उपग्रहच, दुखणं तेच.

आणि हे मी आज सांगतोय असं नाही. २००१ मध्येच अमेरिकन सरकारच्या वोल्पी सेंटरने रिपोर्ट दिला होता की जीपीएस सहज बिघडवता येतं, पर्याय ठेवा. २००६ मध्ये खास समिती नेमली, तिचे अध्यक्ष कोण तर ब्रॅडफर्ड पार्किन्सन, ज्यांना जीपीएसचे जनक म्हणतात तेच! त्या समितीने एकमताने सांगितलं की लोरान सुधारून ई-लोरान करा आणि जीपीएसचा बॅकअप म्हणून ठेवा. ज्याने जीपीएस जन्माला घातलं तो माणूस सांगतोय. तरी ८ फेब्रुवारी २०१० ला, आपल्याकडे ९ तारखेची रात्रीची दीड वाजली असेल, अमेरिकेने बटण बंद केलं. ऑगस्टमध्ये कॅनडाने केलं. ब्रिटनने मात्र ई-लोरान डोव्हरच्या बाजूला चालवून दाखवलं, दहा मीटरच्या आसपास अचूकता मिळत होती, पण फ्रान्स आणि नॉर्वेने आपली स्टेशनं २०१५ च्या शेवटी बंद केली, मग एकट्या ब्रिटनच्या स्टेशनवर फिक्स, म्हणजे बोटीची जागा, कसा मिळणार, तीन तरी लागतात.

अजून एक, आपल्याकडच्या लोकांना फारसं माहीत नसतं म्हणून सांगतो. भारतात पण लोरान-सी होतं. एका चेनचं नाव बॉम्बे चेन आणि तिन्ही स्टेशनं गुजरातमध्ये, ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा. दुसरी कलकत्ता चेन, बालासोरच्या बाजूला.

थर्ड_मेट_अलिबाग

सर, मी सध्या टँकरवर आहे, म्हणून वाचून राहवलं नाही. आम्ही लोरान पुस्तकातच वाचलं, सेट कधी बघितला नाही. पण जीपीएस गेलं की काय होतं ते बघितलंय. २०२५ च्या जूनमध्ये होर्मुझच्या बाजूला जॅमिंग सुरू होतं तेव्हा मी ब्रिजवर होतो. एक्डिसवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकाशावर, आमची बोट एकदम जमिनीवर, वाळवंटात. आजूबाजूच्या बोटींचे एआयएस, म्हणजे त्या रेडिओवरून आपली जागा कळवतात ते ठिपके, पण सगळे एकाच जागी गोळा होऊन गोल गोल फिरतायत. जीपीएसला जोडलेलं एकेक यंत्र बोंबलायला लागलं, अलार्म बंद करता करता हात दुखले. कॅप्टन म्हणाले बाहेर बघ आणि रडारवर बघ, बाकी सगळं विसर. मग मी रडारवर बेटाची रेंज आणि बेअरिंग, म्हणजे अंतर आणि दिशा, घेऊन कागदावर फिक्स टाकला, दर सहा मिनिटांनी, वॉच संपेपर्यंत. किनारा दिसत होता म्हणून बरं. भर समुद्रात असतो तर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट काढावा लागला असता आणि त्या दिवशी धूळ इतकी होती की क्षितिज दिसत नव्हतं.

२०१७ ला ब्लॅक सीमध्ये पण हेच झालं होतं, वीसेक बोटी नोव्होरोसिस्कजवळ समुद्रात असताना जीपीएस त्यांना विमानतळावर दाखवत होतं. म्हणजे नवीन नाहीये हे. हिशोबी सर, १९ कोटी डॉलर वाचले हे बरोबर, पण एक मोठा टँकर खडकावर गेला तर साफसफाईत किती जातील त्याचा पण हिशोब लावा की.

रेडिओवेडा_पुणे

यात भर म्हणजे दक्षिण कोरिया. उत्तरेकडून जॅमिंग व्हायचं आणि २०१६ मध्ये शेकडो मच्छीमार बोटी अर्ध्यातून परत आल्या, मग त्यांनी ई-लोरान उभारायला घेतलं. अमेरिकेने पण २०१८ मध्ये कायदा केला की जीपीएसला टायमिंगसाठी जमिनीवरचा बॅकअप दोन वर्षांत हवा. दोन वर्षं केव्हाच उलटली, यंत्रणा काही उभी राहिली नाही. जे होतं ते पाडायला मात्र तीन महिन्यांच्या आत सुरुवात झाली. मला राग येतो याचा, खरंच येतो.

हिशोबी

थर्ड मेट यांचा अनुभव वाचून मुद्दा पटला. मी फक्त जमेच्या बाजूने बघत होतो. निदान मास्ट पाडायची घाई करायला नको होती, हे मान्य.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, नकाशा ओटीवर जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांना पाटे-वरवंटे आणि स्टीलचे डबे ठेवले कारण तो परत गुंडाळून जात होता. कॅप्टन काका, तुम्ही म्हणालात तो तिरक्या रेघांचा पट्टा कडेला आहे! आणि त्यावर डिव्हायडरच्या टोकांची बारीक बारीक भोकं आहेत, कागद उजेडासमोर धरला की दिसतात. ती बघून मी जरा वेळ तशीच बसले.

आधी चुकले, कारण एक्सची रेघ धरायची सोडून झेडची धरली होती, मग रंग बघून लक्षात आलं. गुलाबी रेघेवर एक बोट आणि राखाडी रेघेवर आईचं बोट, असं दोघींनी दोन्हीकडून सरकत सरकत आणलं. दोन्ही बोटं जिथे भेटली ती जागा अँब्रोज टॉवरच्या पूर्वेला थोडी, समोर लाँग आयलंडचा किनारा. तिथे नकाशावर पेन्सिलीने छोटा नांगर काढलाय. खोडून परत काढलेला, बऱ्याच वेळा, कागद तिथे पातळ झालाय. आत बंदराकडे तर रेघाच नाहीत, त्या आधीच थांबतात.

मी आईला म्हटलं की प म्हणजे पायलट असणार, बोट नांगर टाकून पायलटची वाट बघत असेल. आई काही बोलली नाही. आत गेली आणि कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली, बाबांची पत्रं. आम्ही तारखा लावून बघितल्या. पत्रांवरच्या तारखा आणि वहीतल्या तारखा. चौदापैकी अकरा जुळल्या. अकराही पत्रांची सुरुवात जवळपास सारखीच आहे, बाहेर नांगर टाकून बसलोय, बंदरात जागा नाही, आज वेळ आहे म्हणून निवांत लिहितो.

आई म्हणाली राहिलेली तीन पोचली नसतील.